घारीच्या अंगावरच्या उवा: सुरुवात करणाऱ्यांसाठी

शिकारी पक्ष्यांवरच्या उवांचा अभ्यास करते म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. घाबरू नका. या उवा मुख्यतः पिसं आणि कातडीचा कोंडा खातात. काम करताना हातावर चढतात, पण माणसावर जगत नाहीत.

महाराष्ट्रात सुरुवात घारीपासून करावी. संक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेल्या घारी पक्षी-उपचार केंद्रांत येतात. मी अशाच केंद्रात पशुवैद्यांच्या हाताखाली शिकले. परस्पर पक्षी हाताळू नका, मेलेला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यालाही लागू होतो. केंद्रामार्फत वनविभागाची परवानगी घ्या.

आधी उपचार, मग उवा. पक्षी सावरला की त्याचे डोळे झाकून, खाली पांढरा कागद अंथरून पिसं बाजूला करत बघायचं. उवांच्या जागा ठरलेल्या असतात. डोक्या-मानेवर रुंद डोक्याची, आखूड क्रास्पेडोऱ्हिंकस. तिथे घारीची चोच पोहोचत नाही. पंखांवर आणि पाठीवर सडपातळ डीजीरिएला. लेमोबोथ्रिऑन तर जवळपास सेंटिमीटरभर लांब, नवख्याला झुरळाचं पिल्लूच वाटतं, आणि पळतेही तशीच.

म्हणून प्रत्येक जागेची कुपी वेगळी ठेवा. आत अल्कोहोल आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: पक्षी, ठिकाण, तारीख, अंगाचा भाग. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी नसलेली ऊ कितीही देखणी असो, फेकून द्या. घार कबुतर खाते, त्यामुळे कबुतराची कोलंबिकोला तिच्या अंगावर सापडू शकते. आधीचा पक्षी ठेवलेल्या खोक्यातच घार ठेवली तरी असाच घोळ होतो. अशी पाहुणी ऊ ‘घारीची’ म्हणून नोंदली गेली की पुढचे अभ्यासक वर्षानुवर्षं निस्तरत बसतात.

उवांनी भरलेला पक्षी दिसला की ‘उवांमुळे आजारी’ असं लगेच लिहू नका. बहुतेकदा उलट असतं. चोच मोडलेल्या किंवा अशक्त पक्ष्याला पिसं साफ करता येत नाहीत, म्हणून उवा माजतात.

माझं मत विचाराल तर उवा दिसल्या की सरसकट औषध फवारण्याची सवय वाईट. कॅलिफोर्नियाचा काँडर हा गिधाडासारखा पक्षी वाचवण्यासाठी १९८७ पर्यंत सगळे रानटी पक्षी पकडून आणले, त्यांना उवांचं औषध दिलं. पक्षी वाचला, कोल्पोसेफॅलम कॅलिफोर्निसी ही त्याची ऊ नामशेष झाली. आपल्याकडची गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने इतकी घटली, तेव्हा त्यांच्या उवांचं काय झालं असेल, हा विषय कुणीतरी मनावर घ्यायला हवा.

पोटापाण्याचं म्हणाल तर नुसत्या उवांवर भागत नाही. प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रातली पदवी घ्या आणि हे सोबत ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या बनवायला मात्र लवकर शिका: कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ऊ पारदर्शक करायची, अल्कोहोलने पाणी काढायचं, लवंगेच्या तेलातून काढून कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकात बसवायची. त्या तेलाचा वास कपड्यांना राहतो. घरी हमखास विचारतात, दात दुखतोय का?