मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तातडीची शस्त्रक्रिया: जिवाचा धोका कसा समजून घ्यावा

कर्करोगाच्या गाठीमुळे मोठे आतडे बंद पडते किंवा फुटते, तेव्हा निर्णयाला वेळ थोडा असतो. म्हणून संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आतडे केवळ अडले आहे की फुटलेही आहे, हे नातेवाइकांनी सर्जनना प्रथम विचारावे, कारण विष्ठा पोटात पसरून जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि रक्तदाब उतरला, तर मृत्यूचा धोका फार वाढतो.

मग रुग्णाची मूळ प्रकृती पाहावी. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे. परंतु हृदय, फुप्फुस व मूत्रपिंडाचे विकार, कुपोषण, रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे कमी प्रमाण आणि इतरत्र पसरलेला कर्करोग यांचा विचार केल्याशिवाय केवळ वयावरून आशा सोडणे मला चुकीचे वाटते. भूलतज्ज्ञ प्रकृतीला ‘एएसए’ श्रेणी देतात; आकडा जितका मोठा, तितकी प्रकृती नाजूक. ती ४ किंवा ५ असल्यास धोका गंभीर समजावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर न विचारताही सांगाव्यात.

मृत्यूचा अंदाज ५ टक्के किंवा अधिक असल्यास ब्रिटनमध्ये अनुभवी सर्जन व भूलतज्ज्ञ स्वतः हजर राहणे आणि नंतर अतिदक्षता विभागात ठेवणे अपेक्षित असते. आपल्याकडेही अतिदक्षता विभागात खाट आहे का, हे आधीच विचारावे. आतडे लगेच जोडण्याऐवजी पोटावर शौचमार्ग काढण्याचा सल्ला मिळाल्यास तो नाकारण्याची घाई करू नये. नाजूक अवस्थेत जोड गळण्याचा धोका त्याने टळतो.