पोटॅशियम-ग्रॅफाइटचा स्टेज एक्सआरडीवरून कसा काढायचा

पोटॅशियमची वाफ देऊन ग्रॅफाइट इंटरकॅलेट केलं, म्हणजे त्याच्या थरांमधे पोटॅशियम शिरवलं, की पहिला प्रश्न एकच, स्टेज कितवा? स्टेज म्हणजे पोटॅशियमच्या लागोपाठच्या दोन थरांमधे ग्रॅफाइटचे किती थर बसलेत तो आकडा. स्टेज वन म्हणजे केसी८, सोनेरी-तांबूस दिसतं, स्टेज टू म्हणजे केसी२४, निळं. बरेच जण रंग बघूनच मोकळे होतात पण रंग फक्त वरवरचा कळतो, आत मिक्स स्टेज असू शकतो, म्हणून एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शन, एक्स-रे कुठल्या अँगलला जोरात परततात यावरून थरांचं अंतर काढायची पद्धत) करायचाच.

सँपल ग्लोव्हबॉक्समधेच (हवा नसलेल्या बंद पेटीत) होल्डरवर लावा आणि काप्टन नावाच्या प्लास्टिक फिल्मने सील करा, केसी८ हवेत पेट घेतं, इथे चालढकल नको. काप्टनमुळे कमी अँगलला एक रुंद फुगवटा येतो, तो पीक समजू नका.

आता गणित. साध्या ग्रॅफाइटमधे थरांचं अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम, पोटॅशियम आत शिरलं की त्या जागी ५.३५ होतं. म्हणजे रिपीट डिस्टन्स (पोटॅशियमच्या एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचं अंतर) = ५.३५ + (स्टेज वजा १) × ३.३५. स्टेज वनला ५.३५, टूला ८.७०, थ्रीला १२.०५.

समजा कॉपर के-अल्फावर (कॉपरच्या नेहमीच्या एक्स-रेवर) पीक आले १०.२, २०.४ आणि ३०.८ डिग्री टू-थीटाला (आलेख ज्या अँगलवर काढतात तो). ब्रॅगच्या नियमाने (अँगलवरून अंतर देणारं सूत्र) डी म्हणजे प्रत्येक पीकचं अंतर अँगस्ट्रॉममधे काढा, ८.६७, ४.३५, २.९०. हे एकाच रिपीट डिस्टन्सचे पहिला, दुसरा, तिसरा पीक असतील तर यांना ओळीने १, २, ३ ने गुणा, तिन्ही वेळा ८.७ च्या आसपास येतं, म्हणजे स्टेज टू. पहिला आकडा किंचित हलतो कारण सँपलची उंची जराशी चुकली तरी कमी अँगलचा डी जास्त बिघडतो, त्यामुळे भरवसा मोठ्या अँगलच्या पीकवर जास्त ठेवा. आणि एका पीकवरून स्टेज कधीच सांगू नका. १०.२ चा पीक फुगवट्यात हरवला आणि तुम्ही २०.४ लाच पहिला धरलं तर अंतर ४.३५ येईल, जे ५.३५ पेक्षा कमी म्हणजे शक्यच नाही, शिवाय पुढचा पीक पण त्या हिशोबात बसणार नाही.

सोबत १६.६ ला पीक दिसला तर केसी८ पण आहे, २६.५ ला दिसला तर कोरं ग्रॅफाइट उरलंय. एचओपीजीचा (सगळे थर एकाच दिशेने रचलेलं ग्रॅफाइट) सपाट तुकडा असेल तर रिफ्लेक्शनमधे, म्हणजे पृष्ठभागावरून परतलेल्या एक्स-रेमधे, फक्त थरांचं अंतर कळतं, केसी८ मधली पोटॅशियमची टू-बाय-टू जाळी (थरात पोटॅशियमची ग्रॅफाइटच्या दुप्पट अंतराची रचना) त्यात दिसत नाही, त्याला ट्रान्समिशन (एक्स-रे तुकड्यातून आरपार) लागतं.

इलेक्ट्रॉनिक बाजू बघायची तर रामन (लेझर टाकून अणूंची कंपनं मोजणारी पद्धत) घ्या, पण लेझर पॉवर कमी ठेवा नाहीतर त्या जागी पोटॅशियम बाहेर पडतं. पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन कार्बनच्या पाय-स्टार बँडला (इलेक्ट्रॉनच्या वरच्या रिकाम्या पातळ्या) देतं, फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथपर्यंत भरलेत ती पातळी) वर जाते आणि सेमीमेटल असलेलं ग्रॅफाइट चक्क चांगला मेटल होतं. हा चार्ज मुख्यतः पोटॅशियमला चिकटलेल्या कार्बन थरांवरच राहतो. म्हणून स्टेज थ्री आणि पुढे १५८२ वेव्हनंबरचा जी बँड (ग्रॅफाइटचा मुख्य रामन पीक) दोन पीकमधे फुटतो, एक आतल्या थरांचा, एक कडेच्या थरांचा. स्टेज टू मधे आतला थरच नसतो, म्हणून एकच पीक, १६०० च्या आसपास सरकलेला. केसी८ मधे मात्र रुंद आणि एका बाजूला कललेला पीक येतो, याला फॅनो शेप म्हणतात, तो बघून सँपल खराब झालं म्हणून फेकून देऊ नका.