पर्सेंटाइल, फाइल आणि पाण्याचा दिवस

आमच्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांची मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. अण्णा इथंच सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात, अक्का घरी विड्या वळतात. घरात दहावीच्या पुढं कोणी शिकलेलं नाही. परवा जिन्यात थांबवून त्यांनी विचारलं, "वहिनी, ते सीईटी, नीट, जेईई सगळं एकच का ओ? तुमच्या पोराला शहाण्णव पडले होते ना?" पडले नव्हते. शहाण्णव पर्सेंटाइल होतं, आणि यात फरक असतो हे मलासुद्धा पेढे वाटून झाल्यावर कळलं. मुलाची फाइल अजून कपाटात आहे. ती पुढ्यात घेऊन अक्कांसाठी ही तयारीची यादी लिहितेय. एक-दोन-तीन असे आकडे टाकून लिहिणं मला जमत नाही, बोलते तसंच लिहिते.

पहिलं काम, बारावीनंतरच्या प्रवेशाची कोणती परीक्षा कशासाठी हे नीट समजून घेणं. एमएचटी-सीईटी आपल्या राज्याची. राज्याचा सीईटी कक्ष ती घेतो आणि तिच्यावर इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकीची पदवी असे प्रवेश होतात. तिचे दोन गट असतात, फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गणितवाला पीसीएम आणि जीवशास्त्रवाला पीसीबी. चारही विषय घेतलेलं मूल दोन्ही देऊ शकतं. जेईई मेन देशपातळीवरची, एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, वर्षातून दोनदा म्हणजे जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोन्ही दिल्या तर चांगला स्कोअर धरतात. एनआयटीसारख्या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांचं दार तिथून उघडतं, आणि तिच्यातल्या वरच्या अडीच लाख मुलांनाच आयआयटीची जेईई ॲडव्हान्स्ड देता येते. डॉक्टर व्हायचं तर नीट. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सगळ्यांना तीच. आपल्या सिव्हिलशेजारच्या वैशंपायन मेडिकल कॉलेजात शिकायचं असलं तरी नीटच, बारावीला कितीही पडू देत. कुणाचा काका-मामा अमेरिकेत असेल तर तो सॅटचं नाव काढेल. ती वेगळी गोष्ट आहे: १६०० गुणांची, सव्वादोन तासांच्या आतली, लॅपटॉपवरची परीक्षा, इंग्रजी आणि गणित एवढंच. इथल्या प्रवेशासाठी ती या तिन्ही परीक्षांच्या जागी चालत नाही.

"बारावीच्या मार्कांचं आता काही नसतंय" हे वाक्य क्लासच्या दारात हमखास ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. राज्यात इंजिनिअरिंगला बारावीच्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. नीटमधून मेडिकलला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५०. एनआयटीला ७५ टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव. म्हणजे बोर्डाचे मार्क रांगेत पुढं नेत नाहीत, पण ते नसतील तर रांगेत उभंच राहता येत नाही.

आता गुणांचा हिशेब. आईबापांनी हा एकदा कागदावर स्वतः मांडावा, कारण घरातली निम्मी भांडणं तो माहीत नसल्यानं होतात. पीसीएमची सीईटी २०० गुणांची. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला वेगळी ९० मिनिटं. पहिल्या भागात वेळ वाचवून गणिताला देता येत नाही. भागून बघा: आधी एका प्रश्नाला ५४ सेकंद, नंतर एक मिनिट ४८ सेकंद. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, एकूण गुण ७२०. जेईई मेनला तीन तासांत फक्त ७५ प्रश्न, गुण ३००. घरी तीन तास शांत बसून धडा वाचणारं मूल अभ्यास करतच असतं, पण ५४ सेकंदांत उत्तर ठरवायची सवय त्यानं लागत नाही. ती घड्याळ लावून पेपर सोडवूनच लागते.

चुकीच्या उत्तराचं बघा. नीट आणि जेईईला बरोबरला चार, चुकलं की एक वजा. चार चुका म्हणजे एक बरोबर उत्तर पाण्यात. सीईटीला वजा काही नाही. म्हणून सीईटीत एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही, शेवटच्या मिनिटात अंदाजानं का होईना, टिचकी मारायची. तेच मूल आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानं नीट देत असेल तर त्याला हात आवरायला शिकावं लागतं. आमच्या पोरानं सवयीनं सीईटीच्या पहिल्या सराव पेपरात चौदा प्रश्न कोरे ठेवले होते. मी विचारलं तर म्हणाला, "रिस्क कशाला?" रिस्क नव्हतीच!

अभ्यासक्रमाचं एक. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे, आणि पुस्तकं आपल्या राज्य मंडळाची. जेईई आणि नीटला दोन्ही वर्षं येतात, तिथं एनसीईआरटीचं, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाचं पुस्तक हातात हवं. त्यामुळं दहावीत दमली म्हणून अकरावीत जरा आराम, हे नीटवालीला फार महागात पडतं. मराठी माध्यमाच्या मुलांच्या पालकांनी हेही टिपून ठेवा की नीट आणि जेईई मेन मराठीतून देता येतात. सीईटीचा बाकी पेपरही मराठीतून मिळतो, गणित मात्र इंग्रजीतच.

पर्सेंटाइलकडे येते. सीईटी आणि जेईई एका दिवसात होत नाहीत. बरेच दिवस, सकाळ-दुपार चालतात आणि प्रत्येक वेळचा पेपर वेगळा. कुणाच्या वाट्याला सोपा, कुणाच्या अवघड. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याबरोबर त्याच वेळी बसलेल्या मुलांशी करतात. सिद्धेश्वराच्या दर्शनाची रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेत शंभर माणसं असतील तर ९६ पर्सेंटाइल म्हणजे चौघं तुमच्या पुढं. पण रांगेत लाख माणसं असतील तर तेच चार हजार पुढं. म्हणजे ९८ आणि ९९ यांत एकाचाच फरक दिसतो, पण दर लाखामागं मधे हजार पोरं उभी असतात. कॉलेज मिळणं-न मिळणं त्या हजारात ठरतं. आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे २०० पैकी १८० नव्हे, त्याहून पुष्कळ कमी. आमच्या मुलाचे गुण उत्तरसूचीवरून मोजले तर १२०च्या आसपास भरले होते. ते कळल्यावर त्याच्या आजोबांचा चेहरा पडला, पेढ्याचा पुडा हातात तसाच. नीटचं तसं नाही. तो सगळ्यांना एकाच दिवशी, कागदावर, उत्तराचे गोळे भरायच्या ओएमआर शीटवर असतो, म्हणून तिथं सरळ गुण आणि देशातला क्रमांक बोलतात.

आता कागदपत्रं. अभ्यास मुलं करतात, हे काम सर्वस्वी आपलं. त्याला अकरावीतच हात घाला. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला. जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत पडताळणी समितीकडे जातो आणि त्याला महिने लागतात. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करणाऱ्यांची गर्दी बघितली की पोटात गोळा येतो. नॉन क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळं आधी काढून निवांत बसलात तर प्रवेशाच्या वेळी तो शिळा निघू शकतो. वर्ष कोणतं लिहिलंय ते बघा. आणि राज्याचा दाखला केंद्राला चालत नाही. नीट-जेईईच्या देशपातळीवरच्या जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्यातला एसईबीसी, म्हणजे सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाहीच, तिथं ती मुलं खुल्या गटात किंवा पात्र असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये धरली जातात. दाखले काढायच्या सेतू केंद्रात हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

अक्का, मुलीच्या आईनं उत्पन्नाचा दाखला विसरूच नये. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. कॅपबाहेरून सीट घेतली की हे गेलं. "मॅनेजमेंटमधून करून देतो, आजच दहा हजार भरा" असा फोन येईल, येतोच, तेव्हा हे आठवा. आपल्या गावात घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कुटुंबं गल्लोगल्ली आहेत. भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या कॉलेजात त्या भाषेच्या मुलांना राखीव जागा असतात. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषा काय लिहिलीय ते आजच उघडून बघा. पुष्कळांच्या दाखल्यावर सरसकट मराठी पडलेलं असतं.

नावाचंही तेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे निराळं. अर्ज भरताना हे जुळलं नाही की अडतं. आधार आधी दुरुस्त करा, मोबाइल नंबर जोडलेला आहे का बघा.

अर्जाबद्दल माझी चूक सांगते. मुलाचा सीईटीचा अर्ज आम्ही घाईत एका नेट कॅफेत भरला. तिथल्या पोरानं सोयीसाठी स्वतःचा ईमेल टाकला, मोबाइलही त्याचाच. पुढं हॉलतिकिटासाठी पासवर्ड लागला तेव्हा तो गावी गेलेला. दोन दिवस त्याच्या भावाच्या मागं फिरलो. तेव्हा ईमेल मुलाचा, मोबाइल आईचा किंवा वडिलांचा, पासवर्ड वहीत लिहिलेला, आणि भरलेल्या अर्जाची प्रिंट फाइलमध्ये. पैसे भरल्याची पावतीसुद्धा. जेईईच्या जानेवारीच्या परीक्षेचा अर्ज बहुधा दिवाळीच्या आगेमागे निघतो, बाकीचे नव्या वर्षात. तारखा व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. सीईटी कक्षाच्या आणि एनटीएच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी म्हणा, नजर टाकायची.

लातूरला पाठवायचं का, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. तिथली शिस्त चांगली आहे हे मी नाकारत नाही. पण सव्वाशे किलोमीटरवर होस्टेलात सोळा वर्षांचं पोर ठेवण्याआधी त्याला तिथं दोन दिवस राहून बघू द्या आणि त्याच्या तोंडाकडं बघा. पैशाचा विचार त्यानंतर. आम्ही पाठवलं नाही, याचं मला कधी बरं वाटतं, कधी वाईट.

सरावात एक गोष्ट सगळ्यांची राहते. सीईटी आणि जेईई संगणकावर असतात, आणि आपली मुलं मोबाइलवर वाढलेली. माउस हातात धरल्यावर मुलगा अडखळला तेव्हा मला कळलं. घरी संगणक नसेल तर शेजारच्याचा मागा, कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, पण दोन्ही संकेतस्थळांवरच्या सराव परीक्षा निदान चार-पाच वेळा माउसनं द्यायला लावा. जेईईत आकड्याचं उत्तर लिहायचं असतं तेही पडद्यावरच्या बटणांनी. नीटवालीला उलट, ओएमआरचे गोळे काळ्या बॉलपेननं भरायचा सराव हवा. १८० गोळ्यांना किती वेळ जातो ते घड्याळावर मोजा.

सोलापूरचं कॅलेंडरही यादीत घाला. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा, पाळणे आणि लाउडस्पीकर, आणि त्याच महिन्यात जेईईची पहिली फेरी. होम मैदानाजवळ राहत असाल तर त्या दिवसांत अभ्यासाला नातेवाइकांकडं सोय करा. एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि नीट, तेव्हा पारा चाळिशीच्या वर. त्यात आपल्याकडं नळ काही दिवसांआड येतो. परीक्षेचा दिवस आणि पाण्याचा दिवस एक आला तर पाणी कोण भरणार हे आदल्या रात्री ठरवा. आमच्या घरी ठरलं नव्हतं, आणि सीईटीच्या सकाळी मुलगा बादल्या उचलत होता.

केंद्र आदल्या दिवशी जाऊन बघायचं. केगावकडं किंवा तुळजापूर रस्त्याला शहराबाहेर आलं तर रिक्षा येताना मिळत नाही. हॉलतिकीट, मूळ ओळखपत्र, फोटो. मोबाइल घरीच. नीटला पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट नकोत, साधी चप्पल घाला. पेपर दुपारी दोनला असला तरी दीडला फाटक बंद होतं, मग कुणी कितीही रडो. जेवण रोजचंच द्या. भाकरी, दहीभात. शेंगाचटणी त्या दिवशी बेतानं.

पेपर झाल्यावर "कसा गेला" हे एकदाच विचारा. उत्तरसूची येते, तिच्यावर हरकत घ्यायची मुदत थोडी असते. चूक दिसली तर मुलालाच बघू द्या. निकालानंतर कॅपचा पसंतीक्रम. इथं घाई करू नका. पहिल्याच फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते तुम्ही घेतलंच असं धरतात आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून ज्या कॉलेजात मूल खरोखर जाणार आहे तेच वर लिहा, शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटणारं नाही. मागच्या वर्षी कुठं कितीवर बंद झालं याची यादी सीईटी कक्ष देतो, ती छापून पेन्सिलनं खुणा करा.

अक्का, तुमच्याकडं पाणी शनिवारी येतं ना? मग रविवारी दुपारी फाइल घेऊन वर या. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेपुढं काय लिहिलंय तेवढं आधी बघू.