मराठी वेबसाइट करायची तर आधी अक्षर बसवा

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका तांब्या-पितळेच्या दुकानाची साइट मी लॅपटॉपवर पूर्ण केली आणि दाखवायला गेले. काकांनी फोन हातभर लांब धरला, दाराशी उन्हात आले आणि विचारलं, "हे कळशीच लिहिलंय ना?" शीर्षक उठून दिसावं म्हणून मी अक्षरांमध्ये दोन पिक्सेल अंतर टाकलं होतं. त्यामुळे शिरोरेषा जागोजागी तुटली होती, आणि ओळीची उंची कमी पडल्याने 'शी'ची वेलांटी वरून कापली गेली होती. इंग्रजी नमुना मजकुरावर डिझाइन बसवून शेवटी त्यात मराठी ओतलं, की हे होणारच. तेव्हापासून माझ्या कामाचा क्रम बदलला. तोच इथे देते.

पहिलं काम मजकुराचं. रंग-आराखडा ठरवण्याआधी दुकानदाराकडून खरा मजकूर घ्या. बऱ्याचदा हातात येते ती छापखान्यातली जुनी पत्रकाची फाइल. ती युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर कॉपी केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणा आणि मग ओळ न् ओळ स्वतः वाचा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी नेमकी तिथेच घसरते. पानभरच मजकूर असेल तर सरळ नव्याने टाइप करा, वेळ वाचतो.

मग फॉन्ट. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, बलू हे मोफत आहेत. 'तिरो देवनागरी मराठी'मध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. लांब मजकुरासाठी मला तो फार आवडतो. निवडण्यापूर्वी एक ओळ टाकून बघा: "दुसऱ्या, ऱ्हास, ॲल्युमिनियम, ऑर्डर, विठ्ठल, मूर्तींची किंमत". 'ऱ्या' नीट उमटला नाही तर तो फॉन्ट सोडा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, म्हणून साधा आणि ठळक असे दोनच जाडीचे प्रकार घ्या. साइटच्या कोडमध्ये फॉन्ट-डिस्प्ले ही सेटिंग 'स्वॅप' ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसत राहतो.

आता मांडणी. मुख्य मजकूर १८ पिक्सेल, ओळीची उंची १.७ च्या आसपास, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतो. शीर्षकालाही १.४ पेक्षा कमी देऊ नका. अक्षरांमधलं अंतर शून्यच असू द्या. मजकूर दोन्ही कडांना ताणू नका. लांब मराठी शब्दांमुळे ओळीत भोकं पडतात. एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, 'लँग' (lang) या भाषेच्या जागी 'एमआर' (mr, मराठीची खूण) लिहायला विसरू नका. स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं साधन, त्यावरून भाषा ओळखतो, आणि काही फॉन्ट त्यावरूनच मराठी ल-श निवडतात.

रंगाबाबत माझी दुसरी चूक अशी, की क्रीम पार्श्वभूमीवर तांबूस अक्षरं घेतली होती. घरात सुंदर दिसली, उन्हात पार गायब झाली. अक्षर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे साइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, दंडक आहे; क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये (कोड तपासायच्या खिडकीत) रंगावर क्लिक केलं की आकडा दिसतो.

तांब्याचे फोटो भर उन्हात काढू नका, चकाकीत घडणीचे ठोके दिसेनासे होतात. सावलीत, दारालगत, भांड्यासमोर पांढरी चादर धरून काढा. नंतर 'स्क्वूश' या मोफत साधनात रुंदी १२०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा.

ऑर्डरसाठी लांबलचक फॉर्म नको. व्हॉट्सॲपची लिंक द्या. त्यात ९१ नंतर थेट मोबाइल नंबर येतो, अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मधली जागा नाही. बटणावर 'सबमिट'ऐवजी 'भाव विचारा' लिहा. बटणाची उंची किमान ४४ पिक्सेल ठेवा, अंगठा चुकत नाही.

शेवटी गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर साइटच्या वेगाची तपासणी करा. पानातला सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. त्यानंतर दुकानातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, साइट उघडा. फोन दुकानातल्याच कुणाच्या तरी हातात द्या, "एका कळशीचा भाव विचारून दाखवा" एवढंच सांगा आणि गप्प राहा. बोट जिथे अडेल, तिथलं काम अजून बाकी आहे.