‘आय विल रिव्हर्ट’ म्हणजे नक्की काय करणार? या चुका टाळा

उत्तर देतो म्हणायला ‘रिप्लाय’सारखा सुटसुटीत शब्द असताना ऑफिसच्या मेलांत सगळीकडे ‘रिव्हर्ट’ का घुसतो, देव जाणे. नवी पोरं पहिल्याच आठवड्यात तो सीनियरच्या मेलमधून उचलतात. शब्दकोश उघडण्याइतका दम कुणालाच नसतो.

रिव्हर्टचं मूळ लॅटिन, अर्थ मागे वळणे. म्हणजे पूर्वीच्या स्थितीला, जुन्या सवयीकडे किंवा मूळ मालकाकडे परत जाणे. भाडेपट्टा संपला की जमीन मालकाकडे रिव्हर्ट होते. आपल्या सरकारी कचेऱ्यांत हा अर्थ चांगलाच मुरलाय: तात्पुरती बढती मिळालेल्याला ‘रिव्हर्ट केलं’ म्हणजे मूळ पदावर धाडलं. तिथल्या हेडक्लार्कला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहून बघा एकदा!

आमच्या टीममध्येच घडलेलं सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी लंडनच्या क्लायंटकडे बिलिंगमधला एक बदल चढवला. त्यांनी मेलवर विचारलं, कराच्या रकमेचं राउंडिंग कसं केलंय? आमच्या पठ्ठ्यानं लिहिलं, ‘विल रिव्हर्ट टुनाइट’, आणि डबा आवरून लोकल पकडली. आता सॉफ्टवेअरवाल्यांत रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये त्याच नावाची कमांड आहे. रात्री साडेअकराला मला फोन: बदल का काढताय, काय बिघडलंय? काही काढत नाही, फक्त उत्तर द्यायचं राहिलंय, हे पटवण्यात पाऊण तास गेला. पठ्ठ्याचा फोन बंद.

‘रिव्हर्ट बॅक’ म्हणजे पिवळं पीतांबर. ‘रिव्हर्ट मी’ तर कुठल्याच अर्थानं बसत नाही. आणि माणूस नागपूरहून ‘रिटर्न’ होतो, रिव्हर्ट नाही.

‘पण सर, रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं, असं डिक्शनरीत आहे!’ आहे ना, ‘भारतीय इंग्रजी’ असा शिक्का मारून. सिंगापूर-मलेशियातही चालतो. आपसात खुशाल लिहा. लंडनवाल्याला तो शिक्का दिसत नाही.

मी मेल पाठवण्याआधी रिव्हर्टच्या जागी ‘पूर्ववत’ घालून वाचतो. ‘फॉर्मॅटिंग पूर्ववत करा’ जमतं, तिथे हात लावत नाही. ‘सोमवारपर्यंत पूर्ववत होतो’ असं निघालं की खोडून रिप्लाय.