ग्रीक अक्षरांची घरे: पदवीसाठी अमेरिकेत येणाऱ्यांना

एम. एस. करायला अमेरिकेत येणाऱ्या मुलामुलींचा फ्रॅटर्निटी-सोरोरिटींशी सहसा संबंध येत नाही, त्यामुळे आधी गेलेल्या दादा-ताईंना विचारून याविषयी फारसे हाती लागत नाही. मी बारावीनंतर थेट पदवीसाठी मध्यपश्चिमेतील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात आले, तेव्हा दर्शनी भिंतीवर ग्रीक अक्षरे मिरवणारी मोठमोठी घरे पाहून ती गणित विभागाची असावीत, अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती.

ती विद्यार्थ्यांच्या संघटनांची घरे होती. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी, एकेका विद्यापीठातील शाखा म्हणजे चॅप्टर आणि या साऱ्या जगाचे नाव ग्रीक लाइफ. ग्रीक अक्षरांची प्रथा १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या फाय बीटा कॅपापासूनची आहे. ती संस्था आज केवळ गुणवंतांचा सन्मान करते, परंतु गुप्त खुणा आणि शपथविधी हा तिचा वारसा इतरांनी उचलला. गोऱ्यांच्या संघटनांची दारे बंद होती तेव्हा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९०६ साली कॉर्नेलमध्ये अल्फा फाय अल्फा काढली. पुढे दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली सिग्मा बीटा रो ही मुलांची, तर टेक्सासमधील ऑस्टिनमध्ये १९९८ साली कॅपा फाय गॅमा ही मुलींची संघटना उभी राहिली.

पहिल्याच सत्रात रूममेटच्या आग्रहाने मी सोरोरिटीच्या भरतीत, म्हणजे रशमध्ये, नाव नोंदवले. ठरलेल्या मिनिटाला दार उघडे, आत दाटीने उभ्या असलेल्या मुली टाळ्यांच्या तालावर गाणे म्हणत, आणि एकजण हात धरून मला कोपऱ्यात नेई. काय शिकतेस, कुठली आहेस, सुट्टीत काय केलेस, एवढे होते न होते तोच तिच्या खांद्याला मागून कोणाचा तरी हलकासा स्पर्श होई. ती हसून उठे, दुसरी तिच्या जागी बसे आणि मी पुणे कुठे आहे हे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे. संध्याकाळी आम्ही घरांचा पसंतीक्रम भरायचा, घरांनी आमचा, आणि दुसऱ्या दिवशी जुळलेल्या घरांची यादी हाती यायची. माझी यादी तिसऱ्या दिवशी कोरी आली. कारण सांगण्याची पद्धत नाही, आणि दाखल्यांपासून मुलाखतीपर्यंत प्रत्येक नकाराचे कारण मागायची सवय असलेल्या मला तेच सर्वांत जड गेले.

आवारातील सामाजिक आयुष्यावर या घरांची एवढी पकड का, हे मला पुढे उमगले. अमेरिकेत दारू पिण्याचे कायदेशीर वय २१ आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बारमध्ये प्रवेश मिळणे कठीण आणि वसतिगृहात नियम कडक, म्हणून शनिवार रात्र खासगी घराच्या मालकीची होते. सोरोरिटींच्या घरात बहुधा दारूला बंदी असते, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटर्निटींच्या घरी होतात आणि दारात कोणाला घ्यायचे हे मुलगे ठरवतात. मुलींच्या घोळक्याला सहज आत सोडणारी तीच मंडळी आमच्या गटातील दोन मराठी मुलांना ‘सोबत मुली किती?’ असे विचारून परत पाठवीत असत. मला या व्यवस्थेतील सर्वांत न पटणारी गोष्ट हीच वाटते, कारण पाहुणचार वाटावा अशा रीतीने तो सारा अधिकार एकाच बाजूकडे जातो.

माझ्या रूममेटला मात्र बिड, म्हणजे सभासदत्वाचे निमंत्रण मिळाले, आणि तिचे भले झाले हे मान्य करायला हवे. तिला ‘बिग’ म्हणून एक सीनियर नेमून दिली गेली, जी परीक्षेच्या आठवड्यात तिच्या दारावर खाऊची पिशवी अडकवून जाई. दोन वर्षांनी पहिली इंटर्नशिपही त्याच सोरोरिटीच्या एका माजी सभासदाकडून मिळाली. पण सोमवारी चॅप्टरची बैठक, मधल्या वारांना निधिसंकलन आणि शुक्रवारी मेळावा असे वेळापत्रक झाल्यावर ऑक्टोबर उजाडला तोवर आमचे एकत्र जेवण बंद पडलेले होते. भांडण असे झालेच नाही.

हेझिंग, म्हणजे नव्या सभासदांचा प्रवेशाच्या नावाखाली होणारा छळ, मात्र कोणी हसण्यावारी नेला तरी तुम्ही नेऊ नका. पेन स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये एका फ्रॅटर्निटीच्या प्रवेशविधीत भरमसाट दारू पाजल्यानंतर टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा विद्यार्थी जिन्यावरून कोसळला आणि घरातील मुलांनी सकाळपर्यंत मदत बोलावली नाही; त्याच्या मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे, तेव्हा बिड स्वीकारण्यापूर्वी ती अवश्य वाचावी. आपल्याकडे दरवर्षी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरावे लागते, परंतु येथे सोसणारा सभासदत्वाच्या आशेने आपण होऊन आत गेलेला असतो आणि म्हणून तक्रार करीत नाही. शिवाय व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली आहे का, हा प्रश्न असतो. वय २१ च्या आत दारू प्यायल्याचे प्रकरण सहपाठ्याला दंडावर निभावले तरी आपल्याला पुढे कॉन्सुलेटच्या खिडकीत त्याचा खुलासा करावा लागू शकतो.

वर्गणीचा पूर्ण आकडा लेखी मागावा, आणि त्यात पहिल्या वर्षाची वेगळी फी, घरात राहण्याची सक्ती, टी-शर्ट आणि नृत्यसमारंभाचे कपडे धरले आहेत का, हे विचारावे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आवारातच काम करता येते. त्या कमाईतून ही वर्गणी भागवू, असा हिशेब मांडू नये. अनेक ठिकाणी जानेवारीत किंवा दुसऱ्या वर्षीही प्रवेश मिळतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यातच निर्णय घ्यायला हवा असे नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मी अशाच एका फ्रॅटर्निटीच्या घरात खोली भाड्याने घेतली, कारण सुट्टीत रिकामी पडलेली ही घरे स्वस्तात मिळतात. गालिच्याला शिळ्या बिअरचा वास होता, आणि जिन्याच्या भिंतीवर दरवर्षीच्या सभासदांचे छोटे छोटे फोटो एका चौकटीत बसवून ओळीने टांगले होते. रोज वर जाताना मी एकेक वर्ष मागे जात असे. १९८८ च्या चौकटीत, खालून दुसऱ्या ओळीत, जाड चष्म्याचा एक सावळा मुलगा होता आणि त्याच्या नावाखाली ‘खजिनदार’ असे लिहिले होते.