ताटलीवरून पेटलेले भांडण : एकाच घरातल्या दोन कुत्र्यांना सांभाळताना

संध्याकाळी सातच्या सुमारास मी पोळ्या लाटत होतो आणि ओट्यावरून पोळीचा एक तुकडा खाली पडला. नऊ वर्षांची लॅब्रेडोर ब्राउनी फ्रिजला टेकून बसली होती आणि दोन वर्षांची गावठी सखू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तुकडा दोघींच्या मधोमध पडला. ब्राउनीने तोंड तुकड्यावर आणले, पण तो खाल्ला नाही. ती तशीच थांबली. तिचे शेपूट हलायचे थांबले, मान जागची हलली नाही, डोळे मात्र सखूकडे वळले आणि त्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला. हे सारे जेमतेम दोन सेकंद चालले असेल. तिसऱ्या सेकंदाला दोघींनी एकमेकींची मान धरली होती आणि कणकेची परात जमिनीवर पडली होती.

भांडण अचानक झाले, असे मी त्या रात्री सगळ्यांना सांगितले. ते खरे नव्हते. दोन सेकंदांची पूर्वसूचना मिळाली होती. ती ओळखायची कशी हे मला ठाऊक नव्हते, एवढेच. पुढच्या दीड वर्षात जे शिकलो आणि जे चुकलो, ते येथे क्रमाने मांडतो आहे.

आपण पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा राखणीसाठी पाळत आलो आणि त्याने स्वतःच्या ताटलीची राखण केली की त्याला दुष्ट ठरवत आलो. वास्तविक, हाती आलेली वस्तू दुसऱ्याने न्यावी असे कोणत्याच कुत्र्याला वाटत नाही. कोणी ते नजरेने सांगतो, कोणी गुरगुरून, कोणी चावून. राखण केवळ अन्नाची होते असेही नाही. चघळायचे हाड, सोफ्याचा कोपरा, पंख्याखालची फरशी, अरुंद पॅसेज, अगदी घरातले माणूसही कुत्रा राखतो. मांडीवर बसलेला कुत्रा दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही तेव्हा घरचे लोक कौतुकाने ‘फार जीव आहे हो माझ्यावर’ असे म्हणतात. पण त्या क्षणी आपण त्याच्यासाठी हाडापेक्षा फारसे वेगळे नसतो. या वागण्याच्या मुळाशी बहुधा वस्तू हातची जाण्याची भीती असते, आणि भीती दामटून जात नाही, ही गोष्ट एकदा पटली की पुढचे सगळे उपाय आपोआप सुसंगत वाटू लागतात.

भांडणापूर्वीच्या खुणा साधारण एका चढत्या क्रमाने येतात. कुत्रा नेहमीपेक्षा भराभर खाऊ लागतो, मग अंगाने वस्तू झाकतो, मग ताठरतो आणि स्तब्ध होतो. त्यानंतर डोळ्याची पांढरी कड, वर उचललेला ओठ, गुरगुरणे, हवेत वसकणे आणि अखेरीस चावा. प्रत्येक कुत्रा या सगळ्या पायऱ्या चढतोच असे नाही. या सर्वांत स्तब्धता सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपल्या नजरेतून सुटते, कारण स्तब्ध कुत्रा आपल्याला शांत वाटतो.

गुरगुरण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथे झाली. घरी आलेल्या एका प्रशिक्षकाने ‘मोठी गुरगुरली की तिला दाबायचे, घरात मुख्य कोण हे कळले पाहिजे’ असे सांगितले आणि मी महिनाभर ब्राउनीला प्रत्येक वेळी ओरडलो. तिचे गुरगुरणे खरोखर थांबले. त्यानंतरचा चावा मात्र कोणत्याही आवाजाशिवाय आला आणि सखूच्या कानाला टाके पडले. धुराचा वास येतो म्हणून नाक बंद करून घ्यावे, तसा तो प्रकार होता. कळपातल्या ‘मुख्य’ लांडग्याची जी कल्पना या सल्ल्यामागे असते, तिचा उगम प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिवासात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. ती कल्पना पुढे लोकप्रिय करण्यात ज्यांचा वाटा होता त्या लांडगा-अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनीच १९९९ मध्ये लिहिले की, जंगलातला कळप हा बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. तेव्हा कुत्रा गुरगुरला, तर त्याला शिक्षा करू नये. दुसऱ्या कुत्र्याला शांतपणे तेथून बोलावून घ्यावे आणि ही वेळ पुन्हा का आली याचा विचार करावा.

उपायांची सुरुवात घरातून न करता पशुवैद्याकडून करावी. पूर्वी गुण्यागोविंदाने राहणारे कुत्रे एकाएकी भांडू लागले, तर आधी वेदना आहे का हे पाहावे लागते. सांधेदुखी, कानातला जंतुसंसर्ग, किडलेला दात, गोचीड ताप, थायरॉइडचा विकार यांपैकी काहीही कुत्र्याला चिडचिडे करू शकते. ब्राउनीच्या खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले. तिला चटकन उठता येत नसे. म्हणजे सखू अंगाशी आली की बाजूला होण्याचा मार्ग तिच्यापाशी नव्हता, आणि ज्याला निघून जाता येत नाही तो आधीच दात दाखवतो. दुखण्यावरचे औषध सुरू झाल्यावर तिचे वागणे पंधरा दिवसांत निम्मे निवळले. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र स्वतःच्या मनाने कुत्र्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे त्याच्या जिवावर बेतू शकतात.

त्यानंतर एक वही करावी. भांडण, गुरगुरणे किंवा नुसते ताठरणे दिसले की वेळ, जागा, वस्तू, कोण आधी तिथे होते आणि कोण जवळ आले, हे लिहून ठेवावे. दोन आठवड्यांनी ती वही वाचली तर बहुतेक घरांत एक-दोन जागा आणि एक-दोन वेळा पुन्हापुन्हा येताना दिसतात. आमच्याकडे स्वयंपाकघराचे दार, आणि दाराची घंटा वाजल्यावर दोघी एकदम धावत तो तीन फुटी पॅसेज, या दोन ठिकाणी जवळजवळ सगळे घडत होते. ‘दोघींचे पटत नाही’ या वाक्यावर काही उपाय नसतो. ‘सात वाजता दारापाशी पटत नाही’ यावर असतो.

माझ्या मते या सगळ्या कामात शिकवणीपेक्षा घराची मांडामांड अधिक उपयोगी पडते, आणि लोक नेमकी तीच टाळतात, कारण ती हार मानल्यासारखी वाटते. दोन्ही कुत्र्यांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवायला द्यावे. दोघांचे खाणे संपल्यावर ताटल्या उचलाव्यात आणि मगच दार उघडावे. दिवसभर खाणे भरलेली ताटली मांडून ठेवू नये. चघळायच्या वस्तूही दाराआडच द्याव्यात. पाण्याची भांडी किमान दोन, आणि ती एकमेकांपासून दूर असावीत. बसायच्या गोधड्या कुत्र्यांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावी. स्वयंपाक चालू असताना दोघांनाही आत येऊ देऊ नये. लहान मुलांसाठी मिळते ते सेफ्टी गेट उत्तम, पण आम्ही सुताराकडून अडीच फुटी प्लायवुडची फळी करून घेतली आणि ती दाराच्या चौकटीत सरकवतो. खुबे दुखणारी लॅब्रेडोर ती ओलांडत नाही आणि सखूला ओलांडता येते हे अजून सखूला समजलेले नाही. एका खोलीच्या घरात दारे पुरत नाहीत, तेव्हा एकाचे जेवण होईपर्यंत दुसऱ्याला खाली फिरवून आणावे.

या व्यवस्थेला घरातल्या सगळ्यांची साथ लागते. आमची आई जेवताना ताटातला घास दोघींपुढे टाकत असे आणि तो बंद करा म्हटल्यावर म्हणाली, “मुकी जनावरं समोर बघत बसलेली असताना घास उतरतो का घशाखाली?” तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोन छोटे डबे ठेवले. आई जेवताना दोन्हींत भाकरीचा एकेक तुकडा टाकते आणि जेवण झाल्यावर स्वतःच्या हाताने एक डबा या खोलीत, दुसरा त्या खोलीत देते. तिचा घासही राहिला आणि फरशीवरचा झगडाही गेला. (त्या डब्यांत कांदा, मनुका किंवा चॉकलेट जाणार नाही आणि शिजवलेली हाडे कधीच जाणार नाहीत, एवढी अट आहे, ही हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या होतात.)

मांडामांड बसल्यावर तीन-चार आठवडे शांततेत जाऊ द्यावेत आणि मग शिकवणीला हात घालावा. दुसरा कुत्रा जवळ आला म्हणजे काहीतरी जाणार, हा पहिल्याचा समज असतो. तो उलटवून ‘दुसरा आला म्हणजे काहीतरी मिळणार’ असा करायचा असतो. यासाठी दोन माणसे, दोन पट्टे आणि उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे लागतात. राखण करणारा कुत्रा एका जागी बसवावा. सुरुवातीला त्याच्यापाशी ताटली ठेवू नये, पुढे रिकामी ठेवावी, भरलेली ताटली हा फार नंतरचा टप्पा आहे. दुसऱ्या कुत्र्याला त्याला दिसेल, पण तो ताठरणार नाही, इतक्या अंतरावर आणावे. दुसरा दिसला की पहिल्याला तुकडे द्यायला सुरुवात करावी. दुसरा नजरेआड गेला की तुकडेही थांबवावेत. क्रम चुकवू नये : आधी सखू दिसली पाहिजे, मग चिकन आले पाहिजे. चिकन आधी बाहेर काढले तर ती राखण्याजोगी आणखी एक वस्तू होऊन बसते.

आम्ही बारा फुटांपासून सुरुवात केली. दोन-तीन मिनिटांचा सराव, दिवसातून एकदा-दोनदा, यापलीकडे आम्ही गेलो नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी सखू दारात दिसताच ब्राउनीने तिच्याकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहिले, आणि ती खूण होती. तेव्हापासून अंतर अर्ध्या-अर्ध्या फुटाने कमी केले. मध्ये एकदा मी उतावीळपणे चार फूट एकदम कमी केले आणि दोन आठवडे मागे गेलो. कुत्रा ताठरला तर तो आपल्या घाईचा परिणाम असतो; अंतर वाढवून पुन्हा सुरुवात करावी.

याच काळात तरुण कुत्र्यालाही काम द्यावे. सखूला आम्ही ‘चटई’ हा शब्द शिकवला. तो उच्चारला की ती बाल्कनीजवळच्या तिच्या चटईवर जाते आणि तिथेच खाऊ मिळतो. दोघींना एकत्र खाऊ देताना नाव घेऊन द्यावा, म्हणजे ‘ब्राउनी’ म्हटल्यावर सखूने थांबायचे आणि पुढच्या क्षणी स्वतःचे नाव येणार हे तिला कळायला लागते. तोंडातली वस्तू हिसकावण्याऐवजी दोन-तीन चविष्ट तुकडे थोडे दूर फेकावेत, कुत्रा तिकडे गेला की वस्तू उचलावी आणि धोक्याची नसेल तर अधूनमधून परतही द्यावी. कुत्रा जेवत असताना ‘सवय व्हावी’ म्हणून ताटलीत हात घालण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो पाळू नये. जेवताना कोणीतरी हात घालते हीच सवय त्याने होते.

एवढे करूनही भांडण पेटलेच तर मध्ये हात घालू नये आणि गळपट्टा धरायला वाकू नये. मालकांना होणाऱ्या जखमा बऱ्याचदा अशाच होतात, आणि त्या वेळी कुत्रा कोणाला चावतो आहे हे त्यालाही कळत नसते. पातेले जमिनीवर जोरात आपटावे, बादलीभर पाणी टाकावे, जाड चादर अंगावर फेकावी किंवा खुर्ची, फळी अशी वस्तू दोघांच्या मध्ये सरकवावी. सुटताक्षणी त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन दारे लावावीत. सुळ्यांची जखम वरून तांदळाएवढी दिसते आणि आत खोल असते. म्हणून केस बाजूला सारून मान, कान आणि पाय तपासावेत व त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, मिरची असे काहीही लावू नये, आणि कुत्र्यांचे लसीकरण झालेले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

‘त्यांचे त्यांना मिटवू द्या’ हा सल्ला मला शेजारपाजारच्या अनेकांनी दिला. घरातल्या कुत्र्यांची गंभीर भांडणे सहसा अशी मिटत नाहीत; प्रत्येक भांडणातून दोघेही पुढच्या वेळी अधिक लवकर चावायला शिकतात, आणि दोन माद्यांच्या बाबतीत तर मला हे विशेष जाणवले. भांडणानंतर काही दिवस त्यांना पूर्णपणे वेगळे ठेवावे. पुन्हा भेट घडवताना घराबाहेर, मोकळ्या रस्त्यावर, दोन माणसांनी दोन कुत्रे अंतर राखून एकाच दिशेने चालवावेत. समोरासमोर आणू नये.

टाके पडण्याइतके चावे होत असतील, दोघांच्या आकारात मोठी तफावत असेल, किंवा घरात रांगणारे मूल असेल, तर एकट्याने प्रयोग करू नयेत. वर्तनाचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याची मदत घ्यावी. जाळीचे मुसके, ज्याला दुकानात मझल म्हणतात, तेही उपयोगी पडते, मात्र ते घालून कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आले पाहिजे. तोंड आवळून टाकणारी कापडी पट्टी आपल्याकडच्या उन्हाळ्यात घातक ठरू शकते. मुसक्याची सवयही खाऊ देत-देत, काही दिवस घेऊन लावावी. काही जोड्या कायम पाळीपाळीनेच घरात मोकळ्या राहतात आणि क्वचित एकाला दुसरे चांगले घर शोधून द्यावे लागते. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांना नावे ठेवण्याचे धाडस मी आता करणार नाही.

आमच्याकडे गेल्या आठ महिन्यांत दात लागलेला नाही. ब्राउनी पॅसेजमध्ये आडवी पडलेली असते, सखू भिंतीला घासून पलीकडे जाते आणि ब्राउनी डोके उचलून चिकनसाठी माझ्याकडे पाहते. फळी मात्र अजून चौकटीत आहे, आणि रविवारी मटण शिजत असले की सखूला घेऊन मी टेकडीवर जातो.